बाप परमनंट, पोरगा कंत्राटी: चिखलीतल्या एका घराचा हिशोब

पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागातल्या एका घरातल्या दोन पगाराच्या स्लिपा माझ्यासमोर आहेत. एक बापाची, मे २०१९ ची, म्हणजे रिटायर झाला त्या महिन्याची, ग्रॉस ५८ हजारांच्या वर. दुसरी पोराची, ऑक्टोबर २०२५ ची, ग्रॉस २०,४९०. कंपनी एकच, शॉप एकच, आणि काम म्हणाल तर पोराचंच जरा जास्त अवघड, कारण बाप हातावरच्या लेथवर सुरू झाला होता आणि पोरगा एकटा दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी) मशीन सांभाळतो. बापाच्या स्लिपवर वर कंपनीचं नाव आहे, पोराच्या स्लिपवर लेबर कॉन्ट्रॅक्टरचं, आणि आत गेल्यावर शर्टाचा रंगही वेगळा.

मी या भागात पीएफ (भविष्य निर्वाह निधी) क्लेम, ईएसआयसी (कामगारांचा आरोग्य विमा), आयटीआर (इन्कम टॅक्सचं रिटर्न) अशी कामं करून देतो त्यामुळे लोकांचे कागद बघायला मिळतात. हे घर ओळखू येऊ नये म्हणून काही तपशील बदललेत, कंपनीचं नाव देणार नाही, पण हिशोबाची रीत तीच ठेवलीय. आणि एक आधीच सांगतो, हे घर गरीब नाही. फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, पोरीला इंग्लिश मीडियममध्ये घातलंय, गणपतीत डेकोरेशन असतं. बाहेरून बघणारा म्हणेल चांगलं मध्यमवर्गीय घर आहे की. म्हणूनच हे प्रकरण घेतलं, कारण ते मध्यमवर्गीय नेमकं कोणाच्या पैशावर आहे हे कागद उलगडल्याशिवाय दिसत नाही.

आधी बापाचं. घरात सगळे त्यांना अप्पा म्हणतात, आपणही तेच म्हणू. अप्पा धाराशिवकडचे, तेव्हाचा उस्मानाबाद जिल्हा, आयटीआय फिटर करून १९८४ ला इकडे आले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती, भोसरी एमआयडीसीत गेटवर 'पाहिजेत' च्या पाट्या लागायच्या म्हणतात. वर्षभर टेम्पररी आणि १९८५ ला परमनंट. तो काळ या पट्ट्यात युनियनचा काळ होता, १९८९ ला टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) कामगारांनी पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषण केलं ते मोडून काढलं गेलं, पण तरीसुद्धा बाकी कंपन्यांमध्ये दर तीन वर्षांनी करार व्हायचा आणि करार झाला की गेटवर गुलाल. अप्पांच्या पगारात दोन गोष्टी होत्या ज्या पोराच्या पगारात नाहीत. एक म्हणजे डीए, म्हणजे महागाई भत्ता, निर्देशांकाला बांधलेला, महागाई वाढली की पॉईंटमागे ठरलेले पैसे आपोआप वाढणार. आणि दुसरी म्हणजे करार, जो महागाईच्या वर काहीतरी देणार. पहिल्याने माणूस जागेवर राहतो, दुसऱ्याने पुढे सरकतो. हा फरक डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९५ ला अप्पांनी चिखलीत एक गुंठा घेतला, ४५ हजारांना, स्टॅम्प पेपरवर, जसं तेव्हा सगळे घ्यायचे. चिखली तेव्हा ग्रामपंचायतीत होती, पालिकेत आली १९९७ ला. पगार होता ४,२०० च्या आसपास, म्हणजे गुंठ्याची किंमत जवळपास अकरा महिन्यांचा पगार. पैसे आणले कंपनीतल्या कामगार पतसंस्थेतून, हप्ता पगारातून कापून, जामीनदार शेजारच्या मशीनवरचा. मग पत्र्याच्या दोन खोल्या, मग स्लॅब, मग २०११ ला वरचा मजला. त्या वरच्या मजल्यावर परवानगी नाही म्हणून शास्तीकर लागला, थकत गेला, डोक्यावर टांगती तलवार होती ती २०२३ ला सरकारने शास्तीकर माफ केला तेव्हा उतरली. एवढी सगळी उठाठेव एका फिटरच्या पगारात झाली, बायको कधी कामाला गेली नाही, दोन पोरींची लग्नं झाली आणि एक पोरगा शिकला.

आज त्याच गल्लीत गुंठा पंचवीस लाखांच्या खाली कोणी बोलत नाही. पोराच्या हातात येतात १७,९३६. भागून बघा, अकरा वर्षांहून जास्त पगार, एक रुपया खर्च न करता. बापाला अकरा महिने लागले होते.

आता पोराची स्लिप नीट वाचू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. मूळ वेतन आणि विशेष भत्ता मिळून १५,८००. घरभाडे भत्ता ५ टक्के, ७९०. त्यानंतर 'इतर भत्ता' २,४००. त्यानंतर हजेरी बोनस १,५००, जो महिन्यात एक जरी खाडा पडला तर पूर्ण जातो, अर्धा नाही, पूर्ण. पोरीला ताप आला म्हणून एक दिवस घरी राहिला तर तो दिवस बिनपगारी आणि वर हे दीड हजार, म्हणजे एक खाडा साधारण सव्वादोन हजारांना पडतो, म्हणून मग ताप आला तरी बायको एकटी दवाखान्यात नेते. कपात बघा. पीएफ १,८००, ईएसआयसी १५४, प्रोफेशन टॅक्स २००, कॅन्टीन ४००. उरले १७,९३६. ओटी वेगळा. कायद्याने कारखान्यात ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यायचा असतो, इथे सिंगल मिळतो, वेगळ्या व्हाउचरवर, त्याचे सरासरी २,४०० धरा.

पीएफ १,८०० का, १५,८०० चे १२ टक्के तर १,८९६ होतात ना? कारण पीएफची पगारमर्यादा १५,००० आहे, सप्टेंबर २०१४ पासून तीच आहे, त्याच्या वर कापायचं मालकावर बंधन नाही, तर कोण कशाला कापेल. पेन्शनही याच १५,००० वर मोजली जाते. मालकाच्या हिश्श्यातले १,२५० पेन्शन खात्यात जातात, आणि सूत्र असं आहे की पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. तेहतीस वर्षं सलग भरली तर, वीस वर्षांच्या वरच्या नोकरीला जादा धरतात ती दोन वर्षं मिळवून, ७,५०० रुपये महिना, तेही अजून पंचवीस-सव्वीस वर्षांनी, तेव्हा ७,५०० मध्ये काय येईल ते तुम्हीच सांगा. आणि सलग भरायला मिळालं तरच. पोराचं पासबुक मी उघडून बघितलं, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) एकच पण त्याखाली चार मेंबर आयडी, चार कॉन्ट्रॅक्टर, आणि प्रत्येक बदलीच्या मध्ये एक-दोन महिने कोरे. ते महिने तो घरी नव्हता बसलेला. 'ब्रेक' दाखवलेला असतो, माणूस मशीनवरच असतो, पगार नंतर 'ॲडजस्ट' होतो.

ग्रॅच्युइटीचं, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी पैशांचं, तर नावच नको. अप्पांना मिळाली साडेसहा लाखांच्या वर. शेवटचा बेसिक-डीए ३४ हजार, त्याचे पंधरा दिवसांचे पैसे गुणिले ३४ वर्षं. पोराची त्याच शॉपमध्ये बारा वर्षं झाली पण कोणत्याच कॉन्ट्रॅक्टरकडे त्यासाठी लागणारी सलग पाच वर्षं नाहीत, कारण टेंडर बदलतं, बोर्ड बदलतो, माणूस तोच राहतो. त्याच्या बारा वर्षांची ग्रॅच्युइटी शून्य.

२०१३ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या हातात १०,३०० यायचे, तेव्हाचा बँकेचा मेसेज त्याने जपून ठेवलाय, पहिला पगार म्हणून. आता १७,९३६. ऐकायला बरं वाटतं, पाऊणपट वाढ. पण ग्राहक किंमत निर्देशांक २०१२ ला १०० धरला तर २०१३-१४ ला ११२ च्या आसपास होता आणि २०२५ ला १९६ च्या आसपास. १०,३०० ला त्या हिशोबाने वाढवलं तर १८ हजार येतात. म्हणजे बारा वर्षांत एका मशीनची दोन मशीन झाली, प्रोग्रॅम एडिट करायला शिकला, नवीन पोरांना तोच शिकवतो, आणि किराणा दुकानात त्याच्या पगाराला जेवढं मिळायचं तेवढंच मिळतंय, किंबहुना चिमूटभर कमी. लग्न झालं, पोरगी झाली, ते वेगळंच.

हे असं कसं होतं की वाढ बरोब्बर महागाईएवढीच निघते? योगायोग नाही तो. त्याचा पगार म्हणजे किमान वेतन आणि वर थोडी भर. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि विशेष भत्ता. विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी निर्देशांक बघून सरकार जाहीर करतं, जानेवारी ते जून आणि जुलै ते डिसेंबर. त्याने माणूस जागेवर राहतो. पुढे सरकायचं तर मूळ दर वाढायला हवेत, आणि १९४८ च्या किमान वेतन कायद्यात ते जास्तीत जास्त पाच वर्षांनी तपासायचे असं लिहिलेलं होतं, पण वेगवेगळ्या उद्योगांचे दर ही मुदत उलटून गेली तरी तसेच पडून राहतात हे या कामात असलेल्या कोणालाही माहितीय. म्हणजे अप्पांकडे डीए पण होता आणि करार पण होता, पोराकडे फक्त डीएचा सरकारी भाऊ आहे. करार करायला त्याच्याकडे युनियन नाही, कारण कंपनीच्या युनियनचा तो मेंबर होऊ शकत नाही, आणि कॉन्ट्रॅक्टरशी काय करार करणार, तो पुढच्या वर्षी असेल नसेल. कॉन्ट्रॅक्टर टेंडर भरतो ते माणशी सर्व्हिस चार्जवर. किमान वेतन तर सगळ्यांना सारखंच, त्याखाली कागदावर जाता येत नाही, मग स्पर्धा होते ती सगळी बाकीच्या गोष्टींवर, रजा, ओटी, शूज, गणवेश, बस. कंपनीची बस परमनंटला आहे, हा टू-व्हीलरवर जातो, महिन्याला अडीच हजारांचं पेट्रोल. किमान वेतन हेच कमाल वेतन झालंय, एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी चालेल.

हे काही एकाच कंपनीचं नाही. कारखान्यांच्या वार्षिक पाहणीत, एएसआय म्हणतात तिला, २०००-०१ च्या सुमारास पाच कामगारांत एक कंत्राटी होता, २०२२-२३ ला शंभरात चाळीसच्या वर गेले. आणि केंद्र सरकारच्याच २०२४-२५ च्या आर्थिक पाहणी अहवालात आकडे आहेत, महागाई वजा केल्यावर पगारदार पुरुषाची महिन्याची सरासरी कमाई २०१७-१८ ला १२,६६५ होती ती २०२३-२४ ला ११,८५८ झाली, पगारदार बाईची १०,११६ वरून ८,८५५. त्याच अहवालात असंही लिहिलंय की २०२३-२४ ला कंपन्यांचा नफा २२.३ टक्क्यांनी वाढला आणि रोजगार १.५ टक्क्यांनी. विरोधी पक्षाचं पत्रक नाहीये हे, अर्थमंत्रालयाचं आहे.

लोक विचारतात की मग कोर्टात का जात नाहीत. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या केंद्रीय नियमांत होतं की कंत्राटी माणूस कंपनीच्या माणसासारखंच काम करत असेल तर पगारही तसाच द्यायचा. होतं ते कागदावर. पण तक्रार करायची म्हणजे नाव द्यायचं, नाव दिलं की सोमवारी गेट पास चालत नाही, कोणी काढून टाकलं असं म्हणत नाही, फक्त पास चालत नाही. आणि २००१ ला सुप्रीम कोर्टाने सेलच्या (सरकारी स्टील कंपनीच्या) प्रकरणात सांगितलंय की कंत्राट बंद झालं म्हणून कामगार आपोआप कंपनीचा होत नाही. तोपर्यंत निदान ती आशा तरी होती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात मुदतीच्या नेमणुकीवर असलेल्याला वर्षभरात ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, चांगलंय, पण आपला पोरगा कागदावर मुदतीच्या नेमणुकीवरही नाही, तो कॉन्ट्रॅक्टरचा माणूस आहे. मुख्य उत्पादनाच्या कामात कंत्राटी नको असंही त्यात आहे आणि त्याला अपवादही आहेत, आणि अपवाद वाचायला कंपन्यांकडे वकील असतात.

आता घरखर्च. ही जागा जरा सावकाश वाचा.

माणसं पाच. अप्पा, आई, पोरगा, सूनबाई, नात. किराणा साडेसात हजार, दूध दीड लिटर रोजचं २,७००, भाजी आणि रविवारचं मटण-चिकन मिळून ३,०००, लाईट १,४००, गॅस ८५०, पेट्रोल २,५००, नातीची फी आणि व्हॅन मिळून महिन्याला ३,८००, मोबाईलचे रिचार्ज ९००, म्हाताऱ्यांच्या गोळ्या २,२००, गाडीचा हप्ता ३,१००, भिशी २,०००. बेरीज २९,९५०. यात कपडे नाहीत, लग्नकार्य नाही, गावची जत्रा नाही, कोणी आजारी पडलं तर ते नाही.

जमा काय? पगार १७,९३६, ओटी २,४००, सूनबाई घरी फॉल-पिको आणि ब्लाउज शिवते त्याचे लग्नसराई-बिगरसराई मिळून सरासरी २,५००, लाडकी बहीणचे १,५००. झाले २४,३३६. तूट ५,६१४.

ती तूट अप्पा भरतात. त्यांची ईपीएस, म्हणजे पीएफसोबतची पेन्शन, साडेतीन हजार, एवढी नोकरी करून साडेतीन हजार हो, पण ते वेगळं प्रकरण आहे, आणि ग्रॅच्युइटी-पीएफमधून पोरींच्या लग्नाचं कर्ज फिटून उरलेले ९ लाख एफडीत आहेत, त्यांचं व्याज महिन्याला ५,२५० पडतं. दोन्ही मिळून ८,७५०. त्यातले साडेपाच-सहा हजार घरखर्चात जातात, उरलेले आहेर-पाहुण्यांना. आणि घराला भाडं नाही. तसाच वन बीएचके त्या भागात घ्यायचा तर १० हजार भाडं आणि डिपॉझिट वेगळं. म्हणजे तुटीचे ५,६०० आणि न भरलेल्या भाड्याचे १०,०००, मिळून साडेपंधरा हजार. रिटायर होऊन सहा वर्षं झालेल्या माणसाची जुनी नोकरी आजही या घराला महिन्याला साडेपंधरा हजार देतेय, आणि रोज मशीनवर उभा राहणारा पोरगा देतोय अठरा.

कंपनी या पोराला १७,९३६ मध्ये का ठेवू शकते? कारण त्याला झोपायला जागा बापाने बांधून ठेवलीय. त्याच्या पगारातला न दिलेला भाग १९९५ च्या पगारातून भरला जातोय. हे मी त्याला असं बोलून दाखवलं तेव्हा तो म्हणाला, "दादा, म्हणजे अप्पाच मला अजून पोसतायत म्हणा की." अप्पा बाजूलाच होते, ते म्हणाले, "अरे पोसायचं काय त्यात, घर तुझंच आहे," आणि विषय बदलला. बत्तीस वर्षांच्या माणसाला हे ऐकायला बरं वाटत नाही, आणि त्यात त्याची काही चूकही नाही.

ज्याला असा बाप नाही त्याचं काय, तेही बघू. पोराच्याच लाईनवर नांदेडकडचा एक जण आहे, पगार तोच. तो मोशीला कॉट बेसिसवर राहतो, एका खोलीत पाच जण, शिफ्ट वेगवेगळ्या असल्या की दोन जणांत एक गादीही चालते. मेस धरून सात हजार जातात, सहा हजार घरी पाठवतो, उरलेल्यात पेट्रोल, मोबाईल आणि एका ॲपवरून घेतलेल्या कर्जाचा हप्ता. दोघांची स्लिप सारखी, एक मध्यमवर्गीय दिसतो आणि दुसरा नाही. नांदेडवाल्याचं लग्न जमत नाहीये. मुलीकडचे आता कंपनीचं नाव ऐकून फसत नाहीत, पहिला प्रश्न असतो परमनंट आहे का, दुसरा असतो पुण्यात स्वतःचं घर आहे का. दोन्हीला नाही म्हणणाऱ्याला चहा मिळतो, पोहे मिळतात, फोन येत नाही.

सरकारच्या कागदांवर हे घर नेमकं कुठे बसतं ते बघायला गेलं तर डोकं चक्रावतं. रेशनवर स्वस्त धान्य हवं तर शहरात वर्षाचं उत्पन्न ५९ हजारांच्या आत पाहिजे, इथे पत्ता कट. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) नातीला मोफत प्रवेश हवा तर मर्यादा १ लाख, पुन्हा बाहेर. लाडकी बहीणला अडीच लाख, आणि स्लिपवरचं वर्षाचं ग्रॉस होतं २,४५,८८०, म्हणजे आत, शिवणकामाची पावती कोण देतं. पंतप्रधान आवासमध्ये दुर्बल गट ३ लाखांपर्यंत, तिथे आत, पण नावावर घर असेल तर नाही, आणि घर अप्पांच्या नावावर आहे, तेही स्टॅम्प पेपरचं, त्यामुळे त्यावर बँक कर्ज देत नाही. आणि आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला मर्यादा ८ लाख, तिथे या स्लिपच्या तिप्पट कमावणाराही दुर्बल. एका दाराला श्रीमंत, दुसऱ्या दाराला गरीब, आणि इन्कम टॅक्सवाल्यांच्या दारात शून्य.

आता ज्या कारणाने हे लोक माझ्याकडे आले ते. दिवाळीनंतर पोराला कॉन्ट्रॅक्टरच्या सुपरवायझरने सांगितलं की तुला 'लाईन लीडर' करतो, ग्रॉस २२ हजार. बारा वर्षांत पहिल्यांदा महागाईच्या बाहेरची वाढ, १,५१० रुपये. पीएफ वाढणार नाही कारण तो १५ हजारांवर अडकलाय, म्हणजे सगळेच हातात. घरात पेढे आणायचं ठरत होतं तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की २१ हजारांच्या वर गेलं की ईएसआयसी बंद होतं. आणि सूनबाईला तिसरा महिना. शिवाय अप्पांचा गुडघा, आईची शुगर, दोघंही पोराच्या ईएसआयसी कार्डावर, कारण आईवडिलांचं मिळून उत्पन्न महिन्याला ९ हजारांच्या आत असेल तर ते अवलंबून धरले जातात, आणि अप्पांचे होतात ८,७५०. एफडीचा व्याजदर थोडा चांगला मिळाला असता तरी अप्पा कार्डावरून उडाले असते.

माझं म्हणणं होतं की घ्या. ईएसआयसीचा नियम असा आहे की ऑक्टोबर ते मार्च हा वर्गणीचा काळ, त्याच्या मध्येच पगार २१ हजारांच्या वर गेला तरी मार्च अखेरपर्यंत वर्गणी चालू राहते, आणि त्या वर्गणीवर पुढे जुलै ते डिसेंबरमध्ये लाभ मिळतो. म्हणजे बाळंतपण मे-जूनचं जरी असलं तरी आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणीवर ते निघतं, चिंचवडला मोहननगरचं हॉस्पिटल आहेच. वर्षभराची सोय होते. हे मी कागदावर तारखा लिहून दाखवलं.

सूनबाई म्हणाली, "आणि पुढच्या जानेवारीनंतर काय, भाऊ?"

त्यावर मग मेडिक्लेम काढून बघितला. चौसष्ट वर्षांचे अप्पा, गुडघ्याचं आधीपासून, आईची शुगर, सगळ्यांचा मिळून वर्षाचा प्रीमियम ३८ हजारांच्या आसपास सांगितला एजंटने, सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य केला तो धरून. आणि आधीच्या आजारांना दोन-तीन वर्षांचा वेटिंग पिरियड. महिन्याला तीन हजारांच्या वर गेले, आणि हातात जास्तीचे येणार १,५१० आणि वाचलेली वर्गणी १५४, म्हणजे १,६६४. पगार वाढून घर महिन्याला दीड हजारांनी खाली जातंय. शिवाय लाडकी बहीणची अडीच लाखांची रेषाही ओलांडली जाते, २२ हजार गुणिले १२ म्हणजे २,६४,०००, ते दीड हजार वेगळेच. तीन हजारांचा फटका, दीड हजारांच्या बढतीला.

ईएसआयसीची २१ हजारांची मर्यादा जानेवारी २०१७ पासून आहे तशीच आहे. मर्यादा जागेवर, भाव वाढतायत, त्यामुळे दरवर्षी कोणी ना कोणी स्लिपवर श्रीमंत होऊन दवाखान्याच्या बाहेर पडतो. आधी मला वाटायचं की कॉन्ट्रॅक्टर मुद्दाम पगार २१ च्या आत ठेवतात, पण आत ठेवलं तर मालकाची ३.२५ टक्के वर्गणी त्यांना भरावीच लागते, मग कशाला ठेवतील. आता दिसतं की कामगारच येऊन सांगतात, साहेब वीस-नऊशेवर बसवा, वर नको. पगार वाढू नये म्हणून कामगार विनंती करतो अशी व्यवस्था आपण तयार केलीय, आणि ती कोणी बसून डिझाईन केलेली नाही, फक्त कोणी आकडे बदलायला बसलं नाही.

शेवटी ठरलं असं. पोरगा लाईन लीडर झाला, ग्रॉस २०,९५०. वरचे हजार-बाराशे ओटीच्या नावाखाली देतो असं सुपरवायझर म्हणाला, तोंडी. ओटी मर्यादेत मोजत नाहीत, वर्गणी कापतात पण मर्यादेला धरत नाहीत, त्यामुळे कागदावर नियमात बसतंय, म्हणजे दिलं तर. पीएफ, पेन्शन, पुढच्या पगारवाढीचा पाया, सगळं तिथेच राहिलं. कामात मात्र शिफ्टचं रिपोर्टिंग आणि पाच अप्रेंटिस पोरांची जबाबदारी वाढली. त्या पोरांना स्टायपेंड असतो, १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याखाली येतात म्हणून ती कागदावर कामगारच नाहीत, पीएफ नाही, ईएसआयसी नाही. त्यांना तो मशीन शिकवतो आणि शिकवताना त्याला माहिती असतं की वर्षभराने यातलाच एखादा त्याच्यापेक्षा स्वस्तात त्याच मशीनवर उभा राहू शकतो.

नोव्हेंबरच्या स्लिपवर ४६० रुपये वाढलेले दिसले. ओटीचं व्हाउचर अजून आलेलं नाही, सुपरवायझर म्हणतो पुढच्या महिन्यात दोन्ही एकदम काढू. अप्पांची एफडी येत्या जूनमध्ये मॅच्युअर होतेय, व्याजदर काय मिळतो त्यावर ९ हजारांच्या आत राहायचं की नाही ते ठरेल, म्हणून त्यातले दोन लाख आईच्या नावावर नकोत तर कोणाच्या ठेवायचे ते विचारायला ते पुढच्या आठवड्यात येणारेत.